सिमेंटचे अस्वल आणि दोन बातम्या

गेल्या वर्षी मोहाची फुले पडायला लागली त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तळ्याकाठच्या बागेतले सिमेंटचे अस्वल घणाने फोडण्यात आले. फोडणारी माणसे दोन होती. काम दीड तास चालले. आतल्या सळया उपटल्या गेल्या नाहीत, त्या करवतीने कापाव्या लागल्या. त्याच्या नऊ दिवस आधी त्या अस्वलाविषयी पहिल्या पानावर बातमी आली होती. बातमी माझी होती.

गाव कोहमाऱ्याहून नवेगाव बांधकडे जाताना आत वळल्यावर लागते. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतली माणसे अजून तिथेच राहतात आणि रोज एकमेकांसमोर येतात. बाग तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे आणि गावातलीच एक समिती ती चालवते. बागेतले सिमेंटचे प्राणी गावातल्याच एका मिस्त्रीने केलेले आहेत. मिस्त्री मूळचा सुतार. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे लहान मुले चाकांवरचे लाकडी नंदी ओढत घरोघर नेतात. ते नंदी तो करतो, त्याआधी त्याचा बाप करायचा. सिमेंटचे काम तो पुढे गोंदियात बांधकामावर शिकला.

अस्वल हे त्याने बागेसाठी केलेले शेवटचे जनावर. ते इतर प्राण्यांबरोबर आत नव्हते. मागच्या फाटकाजवळ, जिथून मोहाच्या झाडांकडे पायवाट जाते, तिथे होते. ती जागा मिस्त्रीच्या बायकोने समितीकडून मागून घेतली होती. काही वर्षांपूर्वी मोह वेचताना तिच्यावर जनावराने हल्ला केला होता. ती म्हणत होती, अस्वल होते. गावातले बरेच लोक म्हणत होते, डुक्कर होते, बाई वाढवून सांगते. सिमेंटचे अस्वल फाटकाशी उभे राहिल्यावर हे बोलणे हळूहळू थांबले होते. अस्वल तिथे असेपर्यंत तिचे म्हणणे गावाने मानल्यासारखे होते.

हे सगळे मला अस्वल फुटल्यानंतर कळले. आधीही कळले असते. मी विचारले नव्हते.

मी तालुक्याचा वार्ताहर आहे. वीसहून जास्त वर्षे एकाच दैनिकासाठी काम करतो. त्या हिवाळ्यात माझ्या एका फोटोखाली मी ‘सारस’ असे लिहून पाठवले. फोटोतला पक्षी करकोचा होता. गोंदियातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने सकाळी साडेसातला थेट संपादकांना फोन केला. दुरुस्ती तिसऱ्या दिवशी छापून आली, चौकटीत, दिलगिरीसह. डेस्कवरच्या वरिष्ठांनी मला एक ॲप घ्यायला सांगितले.

“फोटो काढायचा, प्राण्याचं नाव येतं. पुन्हा असं व्हायला नको.”

ॲप तीन गोष्टी दाखवत असे. प्राण्याचे नाव, नावाखाली खात्रीची एक पट्टी, आणि तिच्याखाली एक ओळ: हा प्राणी या भागात आढळतो किंवा आढळत नाही. पट्टी भरलेली असली की खात्री जास्त. अर्धी असली की कमी.

माझ्या कामात एक जुनी पद्धत आहे. नवा माणूस माहिती द्यायला लागला की त्याला आधी असा प्रश्न विचारायचा ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. तो बरोबर बोलला तर पुढचा विचारायचा. ॲपलाही मी तसेच विचारायला सुरुवात केली. कावळा, खारूताई, शेजाऱ्याची म्हैस. सगळे बरोबर आले. मग ते फसते कुठे हे पाहावे असे वाटले. गोंदियाच्या बाजारात खेळण्यांच्या एका दुकानासमोर उभे राहून मी प्लास्टिकचा जिराफ, रबरी नाग आणि किल्लीवर चालणारे बदक यांचे फोटो घेतले. जिराफ आणि नाग बरोबर आले. बदकाला ॲपने हंस म्हटले.

“भैया, लेना है के खाली फोटो खींचना है?” दुकानदाराने विचारले.

मी रबरी नाग विकत घेतला. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नकली प्राण्यांवर ॲपची परीक्षा, अशी एक हलकी बातमी होईल हे तिथेच लक्षात आले. रविवारी मी बागेत गेलो. समितीचे अध्यक्ष फाटकावरच भेटले. ते धानाचे व्यापारी. निम्मा आठवडा गोंदियात असतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात हिंदी येते. गावातल्या माझ्या ओळखी जुन्या, त्यात त्यांची सर्वांत जुनी. गावात काही झाले की ते मला फोन करत.

“काय करून रायले जी? जाहिरात देता का आमच्या बागेची?”

“ॲप तपासतो आहे. प्राणी ओळखतं.”

“सिमिटचे बी?”

“तेच पाहायचं आहे.”

“चला, मी बी येतो. बढिया टाइमपास आहे यार.”

चितळ बरोबर आले. मोर बरोबर आला, त्याच्या पिसाऱ्याचा रंग उडून खालचा करडा दिसत होता तरी. फाटकावरचा वाघ आला. त्या वाघाला माणसासारख्या मिशा आहेत, ॲपला त्याचे काही वाटले नाही. सारसांची जोडी आली. मगरीच्या आकाराचा बाक आहे, त्यावर एक आजोबा बसले होते. ते उठेपर्यंत आम्ही थांबलो. ॲपने मगर सांगितली. कचऱ्यासाठी समितीने बाहेरून आणलेला एक पेंग्विन आहे, पोटाला भोक असलेला. ॲपने पट्टी पूर्ण भरून सांगितले: पेंग्विन, या भागात आढळत नाही.

“हे तं आमाले बी माहीत आहे,” अध्यक्ष म्हणाले.

सगळ्यात शेवटी आम्ही मागच्या फाटकाशी गेलो. अस्वल चार पायांवर होते, मान खाली, तोंड पायवाटेकडे. अंगावरचे केस ओल्या सिमेंटवर काडीने ओढून काढलेले होते. पुढच्या पायांची नखे बोटभर लांब. पाठ मध्यभागी उंच झालेली. मी बाजूने फोटो घेतला.

रानडुक्कर. पट्टी अर्ध्याच्या वर.

“रुको, रुको. इकडून घ्या. थोबाड येऊ द्या.”

दुसऱ्या बाजूने घेतला. रानडुक्कर. समोरून घेतला. पाळीव कुत्रा.

अध्यक्ष हसत जाऊन मगरीच्या बाकावर बसले. त्यांनी माझा मोबाईल मागून घेतला आणि फिरायला आलेल्या एका कुटुंबाला दाखवला. तेही हसले.

“इतके वर्ष झाले, शाळेचे पोट्टे याले अस्वल म्हनून रायले. मिस्त्रीनं फसवलं ना आपल्याले!” मग मोबाईल परत देताना ते म्हणाले, “म्हनूनच त्या बाईले डुक्कर बी अस्वल दिसते. घरचाच माल आहे.”

“कोणती बाई?”

“जाऊ द्या. जुनी गोष्ट आहे.”

मी जाऊ दिले. मिस्त्रीचे घर त्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर आहे. नंतर मी ते अंतर मोजले. त्या रविवारी मी तिकडे गेलो नाही. बातमीत ज्याच्यावर ठपका येतो त्याची बाजू घ्यायची, हा नियम मी नव्या वार्ताहरांना शिकवतो. हलक्या बातमीला तो लावत नाहीत. कोणी तसे लिहून ठेवलेले नाही, पण लावत नाहीत. शिवाय दोन ठिकाणांहून खात्री करायची असते. माझ्याकडे बाजूने घेतलेले दोन फोटो होते आणि दोन्हींना एकच उत्तर आले होते. दोन्ही वेळा ॲप तेच होते, हे मी मोजले नाही.

बातमीतले एक वाक्य असे होते: “बागेत येणारे पर्यटक ज्याला अस्वल समजून सेल्फी काढतात तो प्राणी प्रत्यक्षात रानडुक्कर असल्याचे मोबाईल ॲपने उघड केले आहे.” ‘प्रत्यक्षात’ आणि ‘उघड केले’ हे शब्द माझे. ॲपने फक्त नाव दिले होते, तेही अर्ध्याहून थोड्या जास्त पट्टीचे. पट्टीचा उल्लेख मी केला नाही. पेंग्विन, हंस आणि कुत्रा यांच्या ओळी डेस्कने जागेअभावी कापल्या. उरले फक्त अस्वल. फोटो मोठा लावला आणि मथळा दिला: “अस्वल नव्हे, हे तर रानडुक्कर!”

मी बागेत ॲपची परीक्षा घ्यायला गेलो होतो. छापून आली ती मिस्त्रीची.

दुपारपर्यंत ती बातमी तालुक्यातल्या मोबाईलवर फिरत होती. पुढच्या रविवारी लोक अस्वल पाहायला म्हणून आले. कोणीतरी कोळशाने त्याच्या पोटावर ‘डुक्कर’ लिहिले. समितीची बैठक झाली. बागेचे नाव खराब होते आणि शाळेची मुले चुकीचा प्राणी शिकतात, या दोन कारणांसाठी अस्वल काढायचे ठरले. ठरावाची नक्कल मी पाहिली आहे. तिच्यात माझ्या बातमीचा उल्लेख आहे. मिस्त्रीला बैठकीला बोलावल्याचा उल्लेख नाही.

मंगळवारी दुपारी अध्यक्षांचा फोन आला.

“बघा, तुमच्या बातमीनं काम केलं. साफ करून टाकलं.”

मी डेस्कला कळवले. बातमीमुळे काही घडले की आमच्याकडे त्याची दुसरी बातमी होते. डेस्कने चार ओळी मागितल्या, फुटलेल्या अस्वलाचा फोटो आणि जमले तर मिस्त्रीची प्रतिक्रिया. प्रतिक्रियेसाठी मी दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या घरी गेलो. पहिल्यांदाच.

तो अंगणात लाकडी नंदीचा पाय तासत होता. वय साठीच्या आसपास. त्याच्यामागे भिंतीला टेकवून अस्वलाचे दोन तुकडे ठेवले होते. एक तोंडाचा, एक गोल, दुधीभोपळ्याएवढा. बाकीचे तुकडे पाळीवर खड्ड्यांत भरायला गेले होते.

“या जी. बसा,” तो म्हणाला. “मोबाईल आनला ना?”

“प्रतिक्रिया पाहिजे होती.”

“कायची?”

“अस्वल फोडलं त्याची.”

“फोडलं तं फोडलं. सिमिट समितीचा होता.” त्याने तासणे थांबवले नाही.

त्याची बायको पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावरून डाव्या गालापर्यंत ओढलेला होता. गडवा तिने माझ्यासमोर ठेवला.

“त्याची कायले घेता? माझी घ्या.”

मी वही काढली.

“तुमाले डुक्कर दिसलं,” ती म्हणाली, “तं त्याच्या पाठीवर काय होतं, पाहिलं का?”

“पाठ उंच होती.”

“पाठ नाई जी ते. पिल्लू होतं. मायच्या पाठीवर बसून होतं, केसं धरून.”

मी मिस्त्रीकडे पाहिले. त्याने तासणीच्या टोकाने भिंतीजवळचा गोल तुकडा दाखवला.

तिने सांगितले ते मी त्या दिवशी वहीत उतरवले तसे देतो. ती उजाडता उजाडता झाडाखाली पोचली होती. खाली वाकून वेचत होती. पलीकडे जळक्या खोडासारखे काहीतरी होते. ते खोड आदल्या दिवशी नव्हते, हे तिच्या लक्षात आले तोवर ते हलले. अस्वल तिथून निघून जाण्याच्या बेतात होते, असे तिला वाटते. पण पाठीवरचे पिल्लू घसरून खाली पडले, ते नेमके तिच्या बाजूला. मग मादी तिच्यावर आली.

“एकटी असती तं गेली असती आपल्या वाटेनं,” ती म्हणाली. “पिल्लू होतं म्हनून आली. मी बी आलीच असती.”

पदर तिने स्वतः सरकवला. डावा कान नव्हता. टाळूच्या मागपर्यंत केस नसलेली चामडी होती.

अस्वल करायला मिस्त्रीला पाच आठवडे लागले होते. इतर प्राणी त्याने शाळेच्या पुस्तकांतली चित्रे पाहून केले. अस्वलासाठी चित्र आणले नाही. बायको रोज दुपारी समोर उभी राहायची, डोळे मिटायची आणि हाताने दाखवायची: मान अजून खाली, नखे अजून लांब. तोंड तीनदा मोडून पुन्हा केले. पिल्लू वेगळे ओतून सळईने पाठीवर बसवले. नंदीचे डोळे मिस्त्री सगळ्यात शेवटी करतो, तसेच अस्वलाचेही केले. डोळे झाले त्या दिवसापासून दोन दिवस ती फाटकाकडे फिरकली नाही.

“तवा मले कळलं का बराबर झालं,” मिस्त्री म्हणाला.

ते तिथेच का ठेवले, असे मी विचारले. उत्तर तिने दिले. मोहाला जाणाऱ्या बायकांनी रोज जाता-येता पाहावे म्हणून. पाठीवर गोळा दिसला की मागे फिरायचे, पिल्लाच्या आणि मायेच्या मध्ये जायचे नाही, हे ती आळीतल्या नव्या सुनांना त्या अस्वलाजवळ उभी करून दाखवत असे. आणि दुसरे कारण तिने नंतर सांगितले.

“लोक म्हनत होते, डुकराले भेली अन् अस्वल सांगते. नवऱ्यानं अस्वल उभं केलं, तवा चूप बसले. आता मंग सुरू झाले. काल किराणा दुकानात एकानं इचारलं, काऊन वो, डुक्कर फुटलं म्हनते तुमचं?”

मी लिहीत राहिलो. तिने गोल तुकड्याकडे हात केला.

“याचा काढा फोटो. इचारा तुमच्या मोबाईलले.”

“बाई, तो तुकडा आहे.”

“काढा तं खरं.”

मी फोटो काढला. ॲपने थोडा वेळ घेतला.

“काय म्हनते?”

“प्राणी आढळला नाही, म्हणतं.”

“मायच्या पाठीवरून काढल्यावर कोन वळखन त्याले,” ती म्हणाली आणि रिकामा गडवा उचलून आत गेली.

मी उठलो तेव्हा मिस्त्रीने थांबवले. पटाशा ठेवायच्या पत्र्याच्या डब्यातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले एक कात्रण काढून माझ्या हातात दिले. तीन ओळींची बातमी होती. मथळा: “रानडुकराच्या हल्ल्यात महिला जखमी”. मोह वेचण्यासाठी गेलेल्या महिलेवर रानडुकराने हल्ला केला, तिच्या डोक्याला, कानाला व चेहऱ्याला जखमा झाल्या, असा मजकूर. वर ‘तालुका वार्ताहर’ असे होते. तालुक्यात आमच्या दैनिकाचा वार्ताहर एकच आहे.

“हे बी तुमीच लिहलं होतं ना जी?” मिस्त्रीने विचारले.

“हो.”

“तवा मोबाईल नव्हता, तरी डुक्करच लिहलं.”

तेव्हाची डायरी माझ्याकडे आहे. घरी जाऊन ती काढली. त्या तारखेला फोनवरून मिळालेल्या माहितीच्या चार ओळी आहेत आणि शेजारी माहिती देणाऱ्याचे नाव. नाव आजच्या अध्यक्षांचे आहे. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते. त्या मोसमात डुकरांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, तुडवल्या होत्या आणि डुकरांच्या बातम्यांसाठी ते मला वरचेवर फोन करत होते, हेही डायरीत आहे. त्यांनी चुकून डुक्कर सांगितले की ठरवून, याची खात्री झालेली नाही. मी विचारले तेव्हा त्यांना आठवत नव्हते.

डायरीत दुसऱ्या कोणाचे नाव नाही.

डुक्कर सुळ्याने मारते, त्याच्या जखमा बहुतेक मांडीला आणि पोटरीला होतात. अस्वल तोंडावर येते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही हे माहीत असते. मलाही होते. बातमीतल्या जखमा वाचल्या असत्या तर जनावर कळले असते. त्या मीच लिहिल्या होत्या.

त्याच आठवड्यात नवेगाव बांधला जंगलात आयुष्यभर मजुरी केलेल्या एका म्हाताऱ्याला मी अस्वलाचे जुने फोटो दाखवले. काही सांगितले नाही. त्यांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला.

“अस्वल. मादी. पिल्लू आहे पाठीवर.”

“डुक्कर नाही?”

“डुक्कर पाठीवर पोरं घेते का?” मोबाईल परत देताना ते म्हणाले, “पेपरात तुमीच लिहता ना? मंग मले कायले इचारता?”

दुसऱ्या बातमीच्या चार ओळी मी पाठवल्या नाहीत. डेस्कने अध्यक्षांना फोन करून त्या स्वतः केल्या. मथळा होता: “अखेर ‘ते’ डुक्कर हटले”.

मी दोन दुरुस्त्या लिहून पाठवल्या. एक जुन्या बातमीची, एक नव्या बातमीची. दोन्ही मिळून सहा ओळी. दोन दिवसांनी डेस्कवरून फोन आला.

“ॲपने रानडुक्कर सांगितलं होतं ना?”

“हो.”

“मग आपण चूक काय छापलं? ॲप काय म्हणालं ते आपण छापलं.”

“प्रत्यक्षात रानडुक्कर, असं छापलं.”

“सिमेंटच्या पुतळ्यात प्रत्यक्ष काय असतं?” ते हसले. “आणि ती दुसरी बातमी तर किती जुनी आहे. मागणी कोणाची आहे? लेखी आहे का?”

लेखी नव्हते. मी पुन्हा मिस्त्रीच्या घरी गेलो. अर्ज मिस्त्रीने लिहिला, बायकोने सही केली. तिला सही करता येते, बाकी अक्षर येत नाही. अर्जात दोन वाक्ये आहेत. माझ्यावर हल्ला अस्वलाने केला होता, डुकराने नाही. तसे पेपरात छापावे. अर्जाचा फोटो, म्हाताऱ्याचे म्हणणे आणि जखमांविषयी माझे टिपण असे सगळे मी वरिष्ठांच्या मोबाईलवर पाठवले. ती पहिली वेळ.

अस्वल पुन्हा करण्याविषयी मी मिस्त्रीला त्याच दिवशी विचारले. समितीशी बोलायची माझी तयारी होती.

“बनवतो ना,” तो म्हणाला. “हात आहेत अजून.”

“आधी छापा,” बायको दारातून म्हणाली. “नाई तं हे बनवतील, तुमी मंग मोबाईल घेऊन याल.”

पावसाळा संपल्यावर समितीने बाहेरून फायबरचे अस्वल आणले. ते टेम्पोतून आडवे झोपवून आले. दोन पायांवर उभे, पुढचे पंजे वर केलेले, रंग तपकिरी, अंगावर एकही केस ओढलेला नाही. मागच्या फाटकाशी कोणी थांबत नाही म्हणून ते दर्शनी भागात, पेंग्विनच्या शेजारी बसवले. अध्यक्षांनी मला मुद्दाम बोलावले.

“लावा तुमचं ॲप. आता पास होते का पाहू.”

मी फोटो घेतला. पट्टी पूर्ण भरली. नाव आले: तपकिरी अस्वल. खालची ओळ: या भागात आढळत नाही.

“अस्वल म्हनते ना?” अध्यक्ष म्हणाले. “बस. खाली काय लिहलं ते कोन वाचते.”

त्याची बातमी मी केली नाही. त्यांनी फोटो काढून दुसऱ्या दैनिकाला दिला. तिथे तो छापून आला.

तेव्हा मी अर्ज दुसऱ्यांदा पाठवला. या वेळी संपादकांनाही पाठवला. त्यांच्याकडून हात जोडल्याचे एक चित्र आले.

तान्ह्या पोळ्याचा हंगाम तोवर होऊन गेला होता. त्या वर्षी मिस्त्रीचे नंदी नेहमीसारखे गेले की नाही, हे मी विचारले नाही.

या वर्षी मोह पडायला लागल्यावर मी मागच्या फाटकाशी गेलो. चौथरा आहे. त्यातून कापलेल्या चार सळयांची टोके वर आली आहेत आणि गंजली आहेत. सकाळी सात ते साडेसात या वेळात अकरा बायका टोपल्या घेऊन तिथून पायवाटेला लागल्या. त्यातल्या दोघी नव्या होत्या. मिस्त्रीची बायको त्यांच्यात नव्हती. हल्ल्यानंतर ती मोहाला गेलेली नाही. तिच्या घरी अस्वलाचे दोन तुकडे भिंतीशी तसेच आहेत. तोंडाच्या तुकड्यावर मिस्त्री पटाशीला धार लावतो.

“आलं का छापून?” तिने अंगणातूनच विचारले.

“अजून नाही.”

“तं मंग काऊन आले?”

त्याच दिवशी दुपारी मी अर्ज आणि सहा ओळींची दुरुस्ती तिसऱ्यांदा पाठवली. चार वाजून दहा मिनिटांनी मजकुराखाली दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतरचे सगळे अंक मी पाहिले आहेत. दुरुस्ती छापून आलेली नाही.